शुद्ध रक्ताचा साप

इस्लामपुरातल्या आमच्या शेजाऱ्यांकडे काचेच्या पेटीत लाल-काळ्या पट्ट्यांचा परदेशी साप आहे. पाहुणा आला की चहाच्या आधी पेटी दाखवतात. दिवाळीत तो मेक्सिकोचा होता. फोटो बघून कुणीतरी शंका काढली, तर संक्रांतीला होंडुरासचा झाला. विकणाऱ्यालाच त्याचे आईबाप ठाऊक नाहीत, पण शेजाऱ्यांचं पालुपद एकच, "रक्त शुद्ध हाय, वैनी! तिकडच्या विषारी सापागत दिसतोय, म्हणून लोक उगंच मारत्यात बिचाऱ्याला." हे सांगताना यांचे डोळे खरोखर भरून येतात.

परवा आमच्या न्हाणीत साप निघाला. मी 'थांबा' म्हणेपर्यंत आरडाओरडा ऐकून आलेल्या शेजाऱ्यांनी पाइपानं त्याचा चेंदामेंदा केला. "मण्यार हुती. वाचलासा तुमी!"

कसली मण्यार? मण्यारीचे पट्टे मानेच्या बरेच खाली सुरू होतात, याला अगदी मानेपासून होते. पाली खाऊन जगणारा बिनविषारी कवड्या होता तो. माझं डोकंच फिरलं.

"भाऊजी, कवड्या मारलात तुम्ही! नुसता मण्यारीसारखा दिसतो म्हणून!"

त्यांनी पाइप धुतला, हात पुसले आणि शांतपणे म्हणाले, "आसंल. पण गावठीच हुता न्हवं?"