पहिले दोन फोटो वायाच जातात

लिफ्टकाकांच्या कपाटातला मधला कप्पा खरं तर चादरींचा. पण गेली वीस वर्षं तिथे नऊ जुने कॅमेरे आणि चौदा भिंगं मुक्कामाला आहेत, आणि चादरी बिचाऱ्या ट्रंकेवर. चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेल्या माणसानं निवांत पेपर वाचत बसावं, तर हा गृहस्थ कुणाच्या तरी आजोबांचा बंद पडलेला कॅमेरा उचलून आणणार आणि आठवडाभर खिडकीशी बसून त्याचं पोट साफ करणार. काकू त्या कॅमेऱ्यांना सवती म्हणतात. ‘आज कुठल्या सवतीला ऊन दाखवायचंय?’ असं विचारतात आणि वर स्वतःच मऊ फडकं आणून देतात. अशी बायको मिळायला नशीब लागतं, हे काकांना ठाऊक आहे. तोंडावर म्हणायचं तेवढं राहून गेलं होतं.

हे नऊही कॅमेरे एकाच घराण्यातले. यांत बघायची खिडकी वेगळी आणि फोटो घेणारं भिंग वेगळं. खिडकीतून पाहिलं की मधोमध माणूस दोनदा दिसतो. भिंगाची कडी फिरवत त्या दोन प्रतिमा एकमेकींवर आणल्या की अंतर जुळलं. भिंग काढून दुसरं बसवता येतं, लांबचं किंवा रुंद. सगळं गुणाचं, एक खोड सोडली तर. भिंगावर झाकण तसंच राहिलं तरी खिडकीतून जग लख्ख दिसत राहतं. झाकण समोरच्याला दिसतं, फोटो काढणाऱ्याला नाही.

या नादाला काकांना लावलं ते हेडमिस्त्रींनी. काका एकोणिसाव्या वर्षी लिफ्टच्या कारखान्यात लागले तेव्हा हात चलाख आणि डोकं गरम. सहाव्या महिन्यातच घाईत त्यांच्याकडून एका लिफ्टचा बोल्ट सैल राहिला आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. आत नेमकी मॅनेजरची सासू. पाऊण तास ती आतून जे बोलली ते साऱ्या इमारतीनं ऐकलं. पोराची नोकरी गेल्यातच जमा होती, पण हेडमिस्त्री साहेबांच्या खोलीत जाऊन म्हणाले की बोल्ट मी आवळला होता. त्यांची त्या वर्षीची बढती त्यात बुडाली. काकांवर ते रागावले नाहीत. फक्त आपला एक जाम झालेला कॅमेरा त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, हा उघड आणि परत लाव, घाई केलीस तर पुन्हा उघडावा लागेल. काकांना तीन महिने लागले. कॅमेरा चालू झाला तसा हेडमिस्त्रींनी तो त्यांनाच देऊन टाकला. आपण माणसात आलो ते त्या तीन महिन्यांत, असं काका आजही सांगतात.

कारखान्यातल्या प्रत्येकाच्या लग्नात फोटो हेडमिस्त्रींनी काढलेले, हौसेनं. त्यांची एक युक्ती होती. नवा रोल भरताना त्याच्या टोकाला उजेड लागतो, म्हणून पहिले दोन फोटो वायाच जातात. ते दोन हे गृहस्थ मुद्दाम लोकांसमोर काढायचे, आणि स्वतःला खूण म्हणून भिंगावरचं झाकण तसंच ठेवायचे. काळं झाकण काय नि काळं भिंग काय, कुणाला कळतंय? माणसं खांब गिळल्यासारखी उभी राहायची. दोनदा आवाज झाला की हेडमिस्त्री ‘झालं’ म्हणायचे, काच पुसायच्या निमित्तानं झाकण काढायचे, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला की खरा फोटो घ्यायचे. काकाकाकूंच्या लग्नाच्या फोटोत म्हणूनच काकू मान वळवून हसताहेत आणि काका कॉलर सैल करताहेत. भिंतीवरचा तो फोटो बघणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला काका ही युक्ती सांगतात. काकूंना ती पाठ झाली आहे.

आणि अख्ख्या कारखान्याचं हसू जपणाऱ्या या माणसाचा स्वतःचा फोटो मात्र एकही नव्हता. कॅमेरा त्यांच्याकडे वळला की चेहरा असा मिटायचा, जणू दात काढायला बसलेत. ओळखपत्रावरचा फोटो तेवढा होता, आणि त्यात ते हरवलेल्या माणसाच्या जाहिरातीतले वाटत.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. बाबा आता नव्वदीचे, त्यांना मी माझ्याकडे नेते आहे, रविवारी निघतोय, एकदा भेटून जा. तिचं घर दोन दिवसांच्या प्रवासावर. पुन्हा भेट होणं अवघड, हे काकाकाकूंना न बोलता कळलं. काकांनी ठरवलं, आता त्यांचा फोटो घेतल्याशिवाय परतायचं नाही. युक्ती त्यांचीच, ती त्यांच्यावर चालणार नव्हती. म्हणून काकांनी घरीच रोल भरला, पहिले दोन फोटो घरीच वाया घालवले. गेल्या गेल्या गप्पांत पहिलाच फोटो खरा घ्यायचा. तिथे भिंगं बदलत बसायला नको म्हणून दुसऱ्या कॅमेऱ्यातही तसाच रोल भरून त्यावर रुंद भिंग चढवलं, अंतर सहा फुटांवर लावलं आणि तो काकूंच्या गळ्यात अडकवला. सवत गळ्यात पडली म्हणतात ती अशी, काकू म्हणाल्या.

हेडमिस्त्री खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. बांधलेल्या खोक्यांमधून वाट काढत काका समोरच्या स्टुलावर बसले, काकू बाजूला उभ्या राहिल्या. जुना कॅमेरा पाहून म्हाताऱ्याचे डोळे चमकले. बोल्टची गोष्ट निघाली, मॅनेजरची सासू निघाली. काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला, दोन चेहऱ्यांचा एक केला. आणि काय आश्चर्य, तो चेहरा मिटला नाही. अगदी ऐसपैस, मोकळा. एकामागून एक आठ फोटो काकांनी घेतले. देव पावला असंच त्यांना वाटलं.

तेवढ्यात हेडमिस्त्री म्हणाले, “किती रिकामे काढशील रे? आम्ही दोनच काढायचो. झाकण काढ की आता.”

आणि ते पोट धरून हसायला लागले.

काकांनी भिंगाला बोट लावून पाहिलं. झाकण जागेवर होतं. त्यांनी घाईघाईनं ते काढलं, पण काच उघडी दिसताच समोरचा चेहरा मिटला. उरलेला रोल त्यांनी संपवला. सगळे दात काढायला बसलेले. निघताना काका पाया पडले आणि इतक्या वर्षांचं राहिलेलं बोलून टाकलं: “तुम्ही त्या दिवशी बोल्ट अंगावर घेतला नसता तर माझं काही खरं नव्हतं.” हेडमिस्त्रींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, बराच वेळ.

वाटेत न राहवून काकू म्हणाल्या, “मला वाटलं तुम्ही मिस्त्रींची युक्ती करताय. मग खरा फोटो कुणीतरी काढायला नको का? ते हसले तेव्हा मी दाबलं. एकदाच. पुढे सरकवायचं मला कुठे येतं?”

काका रस्त्यातच थांबले. घरी पोचल्यावर चपलाही न काढता ते बाथरूममध्ये शिरले, झरोक्याला काळं कापड लावलं आणि काकूंच्या कॅमेऱ्यातला रोल धुतला. एकच चौकोन उमटला होता. त्यात हेडमिस्त्री डोळे मिटून, मान मागे टाकून हसताहेत, आणि रुंद भिंगाच्या कृपेनं बाजूला काकाही आले आहेत, झाकण लावलेला कॅमेरा डोळ्याला लावून. गुरुशिष्यांचा दुसरा फोटो नाही.

शनिवारी काकांनी तो छापून नेऊन दिला. हेडमिस्त्रींनी भिंगाखाली धरून पाहिला, कोणी काढला ते विचारलं, आणि काकूंचं नाव ऐकून म्हणाले, “तिला सांग, लग्नात मी तिचं हसू पकडलं होतं, ते फिटलं.”

काकांनी निरोप जसाच्या तसा सांगितला. मग स्वतःचंही एक वाक्य जोडलं, ते नशिबाचं, चाळीस वर्षं राहून गेलेलं. काकूंनी ऐकून घेतलं, डोळे पुसले, आणि तोच कॅमेरा कपाटातून आणून म्हणाल्या, “आता पुढे कसं सरकवायचं ते दाखवा.”