विजेवरचा संसार

काठमांडूतल्या बौद्ध नावाच्या भागात, गालिचा कारखान्यात सुनकेसरी थोकर लोकर विणायची आणि कारखान्यासमोरच्या थांब्यावर बिरमान विक्रम टेम्पो लावायचा. डिझेलचा, तीनचाकी, माणसं वाहणारा टेम्पो. तो सुरू झाला की शेजारची चहावाली आधी दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवायची, मग त्याला शिव्या घालायची. सुनकेसरी मात्र त्या धुरातही त्याच्याच टेम्पोची वाट बघत उभी राहायची. गावी, नुवाकोटला तिच्या घरी कळायच्या आत दोघांनी जोरपाटीला खोली घेतली आणि संसार मांडला.

मग सरकारनं ठरवलं, काठमांडू खोऱ्यात डिझेलचे टेम्पो नकोत, विजेचे चालतील. मालकांना नव्या गाड्यांसाठी जकातीत सवलत मिळाली. चालकांचं कुणी नावही काढलं नाही. बिरमानच्या मालकानं टेम्पो खोऱ्याबाहेर, खाली तराईत विकला आणि बिरमान घरी बसला. त्याच सुमारास गालिच्यांची परदेशातली मागणी आटली, कारखान्याला कुलूप लागलं आणि सुनकेसरीही घरी आली.

विजेच्या टेम्पोच्या मालकांना बायका चालक म्हणून हव्या होत्या. दारू पिऊन येत नाहीत, गाडी आपटत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

"जाऊ का रे?" तिनं विचारलं.

"त्या पाळण्यावर?" बिरमान हसला. "ना आवाज, ना धूर. चालवता चालवता झोपशील."

पण शिकवायला तोच गेला. पहाटे मोकळ्या मैदानात तो तिच्या शेजारी बसला, आणि त्याचा हात सारखा गिअर शोधायला लागला.

"गिअर कुठाय?"

"नाहीच."

"मग या हातानं करायचं काय?"

"चहा प्यायचा," सुनकेसरी म्हणाली आणि तिनं असा ब्रेक दाबला, की शिकवणाऱ्याचं कपाळ काचेवर आपटलं.

रत्नपार्क ते बौद्ध या मार्गावर ती चालवायला लागली. दुपारी चार्जिंगच्या ठिकाणी जायचं, उतरलेल्या बॅटऱ्या काढून भरलेल्या बसवायच्या, आणि पुन्हा रस्त्यावर. परदेशी पाहुणे आले की सरकारी माणसं त्यांना हौसेनं तिच्या टेम्पोत बसवायची. एकदा कुठल्याशा कार्यक्रमात तिला झेंडूची माळ घातली, फोटो काढला आणि 'देशाची शान' म्हटलं. बिरमाननं तो फोटो चौकटीत घालून खोलीत लावला. येईल त्याला दाखवायचा, "ही आमची शान. भात करपवते, पण शान आहे."

पण विक्रम हटवताना दिलेली जकातीची सवलत दोन-तीन वर्षांत भलत्याच वाटेला लागली. विक्रमच्या जुन्या मालकांनी ती वापरून विजेच्या गाड्यांऐवजी मायक्रोबस आणल्या. छोट्या, चपळ, पेट्रोलवर धावणाऱ्या. मार्ग तोच, रत्नपार्क ते बौद्ध. आणि त्यातल्या एकीवर चालक म्हणून लागला बिरमान.

दिवसभर तो हॉर्न वाजवत तिला मागे टाकायचा आणि संध्याकाळी दोघं एकाच पातेल्यातला डाळभात खायची.

"आज माझ्या गाडीतली माणसं तू पळवलीस," ती ताट आदळून म्हणायची.

"मी नाही. त्यांना घाई होती."

"आणि तुला?"

"मलाही होती. भूक लागली की घरी यावंसं वाटतं."

ती हसू दाबून पाठ फिरवायची. पण हसण्यासारखं फार उरलं नव्हतं. देशात विजेचा तुटवडा आला. दिवसातला अर्धाअधिक वेळ अंधार. बॅटऱ्या भरायच्या कशा? टेम्पो तर विजेवर चालवायचे ठरवले, पण वीज कुठून आणायची ते ठरवायचं राहूनच गेलं होतं.

एका दुपारी वाटेतल्या चाबहिलच्या चढावर तिचा टेम्पो अर्ध्यात थांबला. आत बाजार करून आलेल्या बायका, पिशव्या, एक कोंबडी. मागे गाड्यांची ही रांग! लोक ओरडायला लागले, "दिदी, घरी जाऊन भात शिजवा!" तिनं स्टिअरिंग घट्ट धरलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते तिनं पडू दिलं नाही.

तेवढ्यात बिरमानची मायक्रो आली. गच्च भरलेली. तो खाली उतरला, दोर काढला आणि तिचा टेम्पो आपल्या गाडीला बांधायला लागला.

"अहो दाइ, आम्हाला उशीर होतोय!" आतून कुणी ओरडलं.

"मलाही होतोय," तो गाठ मारत म्हणाला. "पण ही माझी बायको आहे. हिला इथं सोडलं तर मला रात्री जेवायला कोण घालणार? तुम्ही?"

मायक्रोतली माणसं हसली. दोघं-तिघं तर उतरून टेम्पो ढकलायला लागले. चढ संपला. पण बातमी मायक्रोच्या मालकापर्यंत गेली आणि दुसऱ्या दिवशी बिरमानची नोकरी गेली.

"कशाला थांबलास?" तिनं विचारलं.

"दुसऱ्या कुणी दोर लावला असता तर मला आवडलं नसतं," तो म्हणाला, आणि चार्जिंगच्या ठिकाणी बॅटऱ्या उचलायच्या कामाला लागला.

परदेशातून येणाऱ्या नव्या बॅटऱ्यांवरची जकात कमी करा, असं सांगायला सुनकेसरी इतर चालक बायकांबरोबर मंत्रालयात गेली. एका खात्यानं सांगितलं, गाडी आमची, बॅटरी त्यांची. दुसरं म्हणालं, बॅटरी आमची, वीज त्यांची. शेवटी एका अधिकाऱ्यानं त्यांना बसवलं, चहा मागवला. तोही तिच्यासारखा नुवाकोटचाच निघाला.

"दिदी, खरं सांगू?" तो म्हणाला. "धोरण लिहायला आम्हाला वर्ष लागतं. सरकार त्याच्या आत बदलतं. नवे मंत्री म्हणतात, पुन्हा लिहा."

"मग तुम्ही लिहीतच राहा, भाइ," सुनकेसरी म्हणाली. "आम्ही येतच राहू. बघू कोण आधी दमतं."

त्या जात राहिल्या. तो अधिकारीही फाइल पुढे ढकलत राहिला. जकात उतरली, पण तोवर कितीतरी टेम्पो भंगारात गेले होते. सुनकेसरीच्या मालकानंही कंटाळून टेम्पो विकायला काढला. तिनं आणि तिच्या तिघी मैत्रिणींनी मिळून तो घेतला, आणि पाळीपाळीनं चालवला. पुढे नद्यांवरचे वीज प्रकल्प सुरू झाले, अंधार सरला, हलक्या नव्या बॅटऱ्या आल्या. चढावर टेम्पो थांबेनासा झाला.

मग पुन्हा एक नियम आला : जुन्या गाड्या रस्त्यावर नकोत. तिचा टेम्पोही त्यात बसत होता. या वेळी घरी बसायची पाळी तिची होती.

बिरमान तिच्याजवळ येऊन बसला. सुनकेसरी म्हणाली, "विजेच्या मोठ्या बसवर बायका घेतायत म्हणे."

"या वयात?"

"तुझ्या वयात नाही, माझ्या."

मोठ्या गाडीच्या परवान्याच्या पहिल्या परीक्षेत ती बस मागे घेताना खांबाला धडकली. घरी येऊन तिनं परवान्याचे कागद गादीखाली सारले. तिसऱ्या दिवशी बिरमान कुणाची तरी जुनी बस मागून तिला मैदानात घेऊन गेला. मागे उभा राहून हात हलवत ओरडला, "ये... ये... अजून ये... थांब! अगं थांब, मला चिरडायचंय का?"

"विचार करतेय!" ती खिडकीतून ओरडली.

दुसऱ्या खेपेला ती पास झाली. हल्ली ती रिंगरोडवर बस चालवते. नव्या मुली तिच्याकडे शिकायला येतात आणि विचारतात, "दिदी, सरकारनं पुन्हा काही बदललं तर?"

"बदलणारच," ती म्हणते. "आरसा नीट कर. मागून ट्रक येतोय."