टिकली दिसली तर ठेवायचं

खराब होईल या भीतीनं ज्याला तुम्ही कुणालाच हात लावू देत नाही, असं एखादं महागाचं यंत्र तुमच्या घरात आहे का? असेल, तर शकूमावशीची ओळख तुम्हाला करून द्यायलाच हवी.

इंदापुरात भांड्यांच्या दुकानासमोर बसून शकूमावशी भांड्यांवर नावं घालायची. लग्नातला हंडा असो की बारशाची वाटी, अक्षर एकसारखं. नवं मशिन घेताना तिची एक रीत होती. हातात मावणाऱ्या त्या फिरत्या मशिनच्या तोंडात सुईऐवजी ती आगकाडी बसवायची, चालू करायची आणि काडीच्या तांबड्या टोकाकडं बघत राहायची. "टिकली दिसली तर ठेवायचं, बांगडी दिसली तर परत." टोक जागच्या जागी फिरलं तर टिकली. डगमगलं तर त्याची बांगडी होते, आणि अशा मशिननं अक्षर फाटतं. किंमत ती त्यानंतर विचारायची.

मी तिला भेटले तेव्हा तिचा उजवा हात थरथरायला लागला होता. "येत्या वैशाखातली लगीनसराई मी बसायची न्हाय," असं तिनं सांगून टाकलं होतं. भवानीनगरला आमच्या सारिकावहिनीचा बचत गट होता. पाच जणींना हे काम शिकायचं होतं, आणि मावशीचा हात चालतोय तोवरच शिकायचं होतं.

मशिन घ्यायला आम्ही मावशीला घेऊन बारामतीला गेलो. एका चांगल्या कंपनीच्या मशिनच्या पैशात हलकी चार येत होती. माझे वडील साखर कारखान्यात कामगार. त्यांच्या युनियनची पत्रकं वाचत मी वाढले. दुकानातच माझं भाषण सुरू झालं. कष्ट करणाऱ्या बाईच्याच वाट्याला हलकं हत्यार का? हा तिच्या श्रमाचा अपमान आहे.

मावशीनं शांतपणे ऐकून घेतलं. "झालं का पत्रकवाली? शिकणारीच्या हातनं मशिन पडणारच. पडलं तरी काळजाचं पाणी हुणार न्हाय, असलं घे. दिवसभर राबायची येळ आली की महागाचं."

"पण मावशी, हलकं टिकत नाही."

"टिकंना का. शिकण्यापुरतं टिकलं म्हंजे झालं."

गटातल्या बायकांना माझं भाषण पटलं. महागाचंच आलं.

आणि ते गटाच्या अध्यक्षबाईंच्या कपाटात गेलं. वहिनी मागायला गेली की त्या म्हणायच्या, "नीट शिकल्याबिगर हात नका लावू बाई, पडलं बिडलं तर?" आणि मशिनशिवाय शिकायचं कसं? खंडेनवमीला मात्र ते बाहेर आलं. पाटावर ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. त्या दिवशी मावशीला मुद्दाम बोलावलं होतं. तिनं मशिन उचललं आणि उलटसुलट करून पाहिलं. सुईवर एकही ओरखडा नव्हता.

"वरीसभर राबलेल्या हत्याराची पूजा करत्यात, बयांनो. ह्यानं काय केलंय? कपाटात झोपून होतं नुसतं."

महागाचं घ्यायला लावणारं भाषण माझंच होतं.

दुसऱ्या आठवड्यात मावशी एसटीनं आली ती पिशवीत दोन हलकी मशिनं घेऊन. दुकानातली नऊ तपासली, त्यातल्या दोनांत टिकली दिसली, म्हणाली. जुनी झाकणं, पोचे आलेली ताटं समोर मांडली. "दोन नावं घातली की थांबायचं. हलक्या मशिनला दम लागतो, बोटाला गरम लागंस्तवर चालवू नका." वहिनीच्या हातून पहिल्याच दिवशी मशिन फरशीवर आपटलं. मावशीनं काडी लावून पाहिली. "टिकली हाय अजून. चालव."

माघापर्यंत एक मशिन जळालं. पण तोवर पाचही जणींच्या हाताला वळण लागलं होतं. मग मावशी स्वतः अध्यक्षबाईंकडं गेली. "आता काढा त्ये. सारिका दिवसभर बसणार हाय. तितं हलकं टिकायचं न्हाय."

वैशाखात वहिनी इंदापुरात मावशीच्या जागेवर बसली, ते महागाचं मशिन घेऊन. मावशी पळसदेवला लेकीकडं राहायला गेली. जायच्या दिवशी ती दुकानासमोर थांबली, तेव्हा वहिनीनं तिचा पाण्याचा तांब्या मागून घेतला. सगळ्या तालुक्याच्या भांड्यांवर जिनं नावं घातली, तिच्या तांब्यावर काहीच नव्हतं. वहिनीनं सावकाश 'शकुंतला' एवढंच घातलं.

मावशीनं अक्षरांवरून अंगठा फिरवला. "'ला' जरा वर चढलाय," म्हणाली, आणि एसटीकडं चालू लागली.

तुमच्या कपाटातलं ते यंत्र आज खाली काढा. शिकायला मागणारं कुणी जवळपास असेलच. त्याच्या हातात ते द्यायला जीव होत नसेल, तर एखादं हलकं आणून द्या. आणताना फक्त आगकाडी लावून बघा.