पुढचा जिना

कॅम्पातल्या त्या व्हिक्टोरियन बंगल्यासमोरून तरुणपणी मी सायकलवर मान ताठ करून जायची. वाटायचं, रंगीत काचांमागून कोणीतरी माझ्यावर भाळत असेल. सायकल भावाची होती आणि तिला ब्रेक नव्हते, ते सोडा.

परवा हेरिटेज वॉकला आत गेले, तर काचांमागे नुसता सागवानी जिना. गाईड मुलगी सांगत होती, "हा मालकांचा आणि पाहुण्यांचा. नोकरांसाठी मागे लोखंडी गोल जिना असायचा."

आमच्यातली एक बाई, माझ्याच वयाची, पहिल्या पायरीशी थांबली. सवयीने चपला काढल्या, मग काहीतरी आठवून पुन्हा घातल्या.

"आजी, तुम्ही खालीच बसा. दम लागेल," गाईड म्हणाली.

"अगं, माझी आई इथे स्वयंपाकाला होती. लहानपणी इकडे पाय ठेवला की ओरडा बसायचा. आज बसायला नाही आले मी."

कठड्याला हात न लावता ती मधोमध चालत वर गेली. रंगीत उजेडात उभं राहून तिने आम्हा सगळ्यांकडे सावकाश पाहिलं आणि तशीच ऐटीत उतरली.

"कसा वाटला?" मी विचारलं.

"उगीच लांबलचक आहे हो. मागचा सोयीचा होता."

असं म्हणून ती वळली आणि पुन्हा चढायला लागली. मग मीही गुडघ्यांना न विचारता तिच्यामागे निघाले.