कोऱ्या पानाखालची सही

ऊसतोडीला निघायच्या आधी आम्ही ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात सही करून जायचो. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही. पण सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेला आमचं निम्मं गाव लांबच्या कारखान्यांवर, उसाच्या फडात असतं. पुरेशी माणसं नसली तर सभा तहकूब होते. म्हणून दिवाळीच्या आसपास ट्रॅक्टर भरायला लागले, की पंचायतीचा शिपाई रजिस्टर काखेत मारून यायचा. "वहिनी, सही टाका पटकन." वरचं पान कोरं, खाली आमच्या सह्या. त्यात कुणाला वावगं वाटायचं नाही; उलट गावाचं काम अडू नये म्हणून आम्ही ट्रॅक्टर थांबवून सह्या करायचो. मी बारावी झालेली, त्यामुळं अंगठा न देता झोकात, खाली रेघ ओढून सही करायची. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

आमचं गाव गोदाकाठी, गेवराईपासून फार लांब नाही. पिण्याच्या पाण्याची विहीर नदीला लागून. पात्रात वाळू आहे तोवर त्या विहिरीला पाणी, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. एका वर्षी चैत्रात फडावरून परतलो तर पात्र ओळखू येईना. पोकलेननं उकरून उकरून खड्डे पाडलेले, वाळूच्या हायवा ट्रकांच्या चाकांनी काठ फुटलेला आणि विहिरीचा तळ उघडा पडलेला. ज्यांच्या जिवावर मी माझी दोन लेकरं सहा महिने ठेवून जाते, त्या माझ्या सासूबाई टँकरपाशी दोन कळशांसाठी रोज भांडत होत्या. घसा पार बसला होता त्यांचा. मला बघून म्हणाल्या, असंच चाललं तर पुढच्या साली लेकरं संगं घेऊन जा, मला त्यांना पाणी पाजणं झेपत न्हाई. फडावर नेलेली लेकरं शाळेला मुकतात. आमच्या घरात दोन पिढ्या तशाच मुकल्या होत्या.

मी तशीच पंचायतीत गेले. वाळूला परवानगी दिली कुणी, म्हणून ग्रामसेवक भाऊसाहेबांना धारेवर धरलं. त्यांनी रजिस्टर उघडून माझ्यापुढं सरकवलं. वाळूच्या लिलावाला ग्रामसभेची हरकत नाही, असा ठराव होता. खाली निम्म्या गावाच्या सह्या आणि त्यात माझी, रेघेसकट. तळपायाची आग मस्तकात गेली, पण ओरडणार कुणाच्या नावानं?

घरी मालक म्हणाले, गप बस. सरपंच मोठा बागायतदार, आमच्या ऊसतोड टोळीचा मुकादम त्याच्याच भावकीतला. टोळीतून नाव काढलं तर खायचं काय, हा त्यांचा प्रश्न काही खोटा नव्हता. मीही चार दिवस गप बसले. पण मग भाऊसाहेबांनीच हळूच एक गोष्ट सांगितली. लिलाव दर वर्षी नवा असतो, त्याला ठरावही दर वर्षी नवाच लागतो. आणि गांधी जयंतीच्या ग्रामसभेला सगळं गाव गावातच असतं.

मग काय! वाळूचा विषय त्याच सभेत घ्या, असा अर्ज मी लिहिला आणि वाड्या-वस्त्यांवर फिरून त्यावर सह्या घेतल्या. प्रत्येक दारात अर्ज आधी मोठ्यानं वाचायचा आणि मगच सही मागायची. बाया हसायच्या, एवढं कशापायी वाचतीस म्हणायच्या. सरपंच म्हणाले, हा विषय जानेवारीत घेऊ. मी म्हटलं, ते सभेत ठरंल, आधी अर्जाची पोच द्या. पोच हातात पडेपर्यंत मी पंचायतीच्या पायरीवरून उठले नाही. मोठ्या सभेच्या आदल्या दिवशी महिलांची ग्रामसभा असते. एरवी तिला पाच-सहा बाया येतात, त्याही चहापुरत्या. त्या दिवशी देवळाच्या सभामंडपात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि वाळू द्यायची नाही असं आम्ही एकमुखानं लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी देवळापुढच्या मांडवात सभा भरली, तिथं सरपंच शांतपणे बोलले. गावाच्या विकासाचं बोलले, रस्त्याचं बोलले, आणि शेवटी जुनं रजिस्टर वर धरून म्हणाले, मागच्या साली तुम्हीच होकार दिलाय, सह्या तुमच्याच आहेत. माणसं खाली बघायला लागली. मालक दोन हातांच्या अंतरावर बसलेले, त्यांच्याकडं न बघता मी उभी राहिले.

"सही माझीच हाय," मी म्हणाले. "पण मी सही केली तवा वरचं पान कोरं होतं. चूक माझी हाय आणि ती मी सगळ्यांसमोर कबूल करते. आज मी न वाचता सही करणार न्हाई."

मागून कुणीतरी म्हणालं, माझंबी पान कोरंच होतं. मग दुसरा उठला, मग तिसरी. आणि मग आमचे मालक उठले. आयुष्यात चारचौघांत तोंड न उघडलेला माणूस, पण "माझंबी" एवढं खणखणीत बोलला. मला तर तिथंच रडू फुटलं.

पुढं सगळं नीट झालं. ठराव गेवराईला तहसिलात पोचला, लिलावाच्या यादीतून आमचा वाळूघाट गळला. टोळीतून नाव काढायची मुकादमाची छाती झाली नाही, कारण काढायचं तर अख्खी टोळीच काढावी लागली असती. पुढच्या चैत्रात विहिरीला पाणी होतं आणि लेकरं शाळेतच होती. पण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही ते त्या सभेतलं मतदान.

वाळू द्यायची नाही म्हणणाऱ्यांनी हात वर करा, असं भाऊसाहेब म्हणाले आणि सगळा मांडव हातांनी भरून गेला. मोजून झालं, आकडा लिहून झाला, हात खाली आले. सासूबाईंचा हात मात्र वरच. सत्तरी गाठलेली बाई, ग्रामसभेला पहिल्यांदाच आलेली. मी म्हटलं, आत्याबाई, झालं, घ्या खाली. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. उन्हाळ्यापासून बसलेल्या घशानं त्यांनी थेट ग्रामसेवकालाच विचारलं,

"मला मोजलं का?"

भाऊसाहेब जागचे उठले, पेन घेऊन पहिल्या रांगेपासून पुन्हा मोजत आले, आणि सासूबाईंपाशी थांबून त्यांनी आकडा मोठ्यानं म्हटला. तेव्हा कुठं त्यांनी हात खाली घेतला.