बारापात्रे मास्तरांचा मंगळ

बारापात्रे मास्तर पालकाच्या वाफ्यात उभे राहून आंघोळ करत. मंगळावर थेंबही वाया घालवून चालत नाही, असं ते डोकं पुसत सांगत. महाल भागातल्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवत, मी मराठी. माणूस चंद्रावर उतरला तेव्हा सारं नागपूर खूश झालं, मास्तर तेवढे चिडले. "पाहुण्यावानी गेले अन् वापस आले. राहून दाखवलं असतं तर मानलं असतं गा."

मग स्वतः राहून दाखवायला घराच्या गच्चीवरची टिनाची खोली, पालकाच्या वाफ्यासकट, त्यांचा मंगळ झाली. मे महिन्यात तिथली कोंबडी उकडलेलीच अंडी देई, मी स्वतः खाल्ली आहेत. मंगळ थंड असतो, असं मी सुचवलं, तर थंडीचं हिवाळ्यात पाहू म्हणाले.

सिंधूकाकूंना मात्र गच्ची पापड वाळवायला हवी होती. शेवटी नवरा-बायकोत तह झाला. खालून काही न घेता मास्तरांनी पंधरा दिवस वर काढले तर गच्ची कायमची त्यांची, नाहीतर मंगळ भंगारात.

उन्हाळ्याच्या सुटीत मास्तर वर गेले. पिंपभर पाणी, रोजचे तांबे ठरलेले. विसरले ते एवढंच, की मंगळावर गेलेल्या माणसाला भेटायला जाणार नाही असा इसम महालात अजून जन्मायचा होता. गांधीबागेतले कापडवाले आले. धंतोलीचे डॉक्टर नाडी बघायला तीनदा आले. आणि आलेल्याला चहाशिवाय वाटेला लावणं मास्तरांच्या विज्ञानात बसत नव्हतं. "दार लावा, हवा जाऊन राहिली," असं दटावत ते पावडरच्या दुधाचा चहा टाकत. मी टोकलं, तर म्हणाले, "काहून? इतक्या दूर आलेला माणूस कोरडाच जाईन काय?"

त्यांनी आंघोळ सोडली, पालक वाळला, पुढे स्वतःचं पिणंही तोडलं. पंधराव्या दिवशी दुपारी एक तांब्या उरला. रात्र काढली की गच्ची त्यांची.

तेवढ्यात सिंधूकाकू पहिल्यांदाच वर आल्या. वाळलेल्या पालकाकडे आणि नवऱ्याच्या फुटलेल्या ओठांकडे त्यांनी पाहिलं. मास्तरांनी मला स्टोव्हला पंप मारायला सांगितलं.

"मले नको चहा," काकू म्हणाल्या.

"माह्या घरी पहिल्यांदा आली वं तू. तशीच कशी जाशीन?"

अख्खा तांब्या पातेल्यात गेला. काकूंनी चहा सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मग मास्तरांचा हात धरून त्यांना जिन्याकडे नेलं. माठ भरून ठेवला आहे, म्हणाल्या. दोन पायऱ्या उतरून थांबल्या.

"पुढच्या खेपेले पाणी दोघांपुरतं नेजा."