खरेदीखतात न लिहिलेली विहीर

जे लिहिलंच नव्हतं ते मी एकदा मोठ्याने वाचून दाखवलं. हे आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. पन्नाशी उलटली, आता सांगतो.

कल्याणच्या रजिस्ट्रार कचेरीबाहेर पत्र्याच्या छपराखाली बसून मी दस्त लिहीत असे. राहायला अंबरनाथ पश्चिमेला होतो. उल्हासनगर तेव्हा नुकतं वसत होतं. कॅम्पातले सिंधी कागद करायला आले की एकेका शब्दाला अडून बसत. घरंदारं मागे टाकून आलेली माणसं ती, कागदाची किंमत त्यांना कळली होती. आपल्याकडचे लोक घरपट्टीची पावती दाखवून म्हणत, पावती माझ्या नावावर आहे, म्हणजे घर माझंच.

तशीच एक पावती, घर विकणाऱ्याच्या नावाची, घेऊन एक दिवस तो आला. मी त्याला पाहताक्षणी ओळखलं. अंबरनाथच्या एका कारखान्यात तो हजेरीबाबू होता. त्याआधी काही वर्षं तिथे पितळेचा एक व्हॉल्व्ह हरवला, आणि याने माझ्या थोरल्या भावाला फाटकात उभं करून सगळ्या पाळीसमोर अंगावरचे कपडे उतरवायला लावले. मी डबा घेऊन बाहेर उभा होतो. तीन दिवसांनी व्हॉल्व्ह गोदामातच सापडला. ते सांगायला कुणी आमच्या घरी आलं नाही. भाऊ गावी निघून गेला आणि परत कधी कुठल्या कारखान्याची पायरी चढला नाही.

त्याने मला ओळखलं नाही. बदलापूर गावात घर घ्यायचं होतं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या दोन घरांपैकी एक. दुसरं घर आणि मधली विहीर म्हातारा स्वतःकडे ठेवणार होता, पण याच्या घरच्यांनी त्या विहिरीवर पाणी भरायचं, असं तोंडी ठरलं होतं.

मी त्याला सगळं नीट समजावलं. पावतीने मालकी ठरत नाही, म्हाताऱ्याकडे घर कसं आलं ते बघावं लागतं. कचेरीत शोध घेऊन घरावर गहाण-बोजा नाही याची मी खात्री करून दिली. चतुःसीमा लिहिण्याआधी बदलापूरला जाऊन चारी बाजू पायांनी फिरलो. इतकं मन लावून काम मी क्वचितच केलं असेल. त्याचा विश्वास बसायला हवा होता.

मग मोडीत खरेदीखत लिहिलं. त्याला मोडी येत नव्हती. म्हातारा अंगठेबहाद्दर. विहिरीवर जाण्यायेण्याच्या आणि पाणी भरण्याच्या हक्काची ओळ मी लिहिली नाही.

सह्यांआधी दस्त दोन्ही बाजूंना वाचून दाखवायचा, हा रिवाज. वाचायला घेतला तेव्हा तो साक्षीदारांशी गप्पा मारत होता. मध्येच म्हणाला, "आटपा हो बोरूबहाद्दर, मला पाळी गाठायचीय." त्याची बायको मात्र पायरीवर बसून कान देऊन ऐकत होती. चतुःसीमा संपल्या तशी तिने विचारलं, "भाऊ, विहिरीचं लिहिलंत ना?"

"लिहिलंय वहिनी, ऐका," असं म्हणून मी कागदावर बोट ठेवलं आणि विहिरीची ओळ सुरेख वाचली. म्हाताऱ्याने मान हलवली, अंगठा दिला. समजून उमजून, राजीखुशीने. आत साहेबांनी अंगठा तुमचाच ना, एवढं विचारलं आणि दस्त नोंदला.

मला वाईट वाटलं नाही. बरं वाटलं. त्या दिवशी दोन घास जास्तच जेवलो.

दोन वर्षांनी म्हातारा वारला. मुलाने खरेदीखताची नक्कल काढून वाचून घेतली आणि विहिरीभोवती भिंत घातली. हजेरीबाबू कोर्टात गेला. मला साक्षीला बोलावलं.

माझ्या आधी त्याची बायको साक्षीला उभी राहिली. नवऱ्याचं आणि साक्षीदारांचं दस्ताकडे लक्षच नव्हतं, ओळ ऐकलेली आता ती एकटीच. समोरच्या वकिलाने हसत विचारलं, बाई, तुम्हाला मोडी वाचता येते का?

ती म्हणाली, "मोडी येत नाही. ऐकू येतं."

कोर्टात लोक हसले. मग मी शपथ घेतली आणि सांगितलं, "जे लिहिलं तेच वाचलं." त्या एका वाक्याने दावा गेला. बाहेर पडताना नवरा तिला सगळ्यांदेखत म्हणाला, तुझ्या कानांच्या भरवशावर मी कोर्ट चढलो. तो कसा खाली मान घालून चालला होता ते मी डोळे भरून पाहिलं. भावाला पत्र लिहून कळवावं असंही वाटलं. लिहिलं नाही, कारण तिच्याबद्दल काय लिहायचं ते सुचेना.

पुढे बदलापूरला कामाला गेलो की ती उल्हास नदीवरून दोन हंडे घेऊन चढाव चढताना दिसे. नवरा सायकलवरून कामावर जाई. पाणी त्याला नाही, तिला भरावं लागत होतं. एवढी साधी गोष्ट दस्त लिहिताना माझ्या ध्यानात आली नव्हती असं मी म्हणू शकतो, पण ते खोटं होईल. आली होती. मी लिहीत राहिलो.

त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण तिने ऐकलं ते बरोबर होतं, खोटी साक्ष माझी होती, हे तिला तिच्या नवऱ्यासमोर आणि गावासमोर सांगायचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.